जवसाचे पंख

परवा पौषातल्या एका दुपारी अमरावतीवर एकाएकी आभाळ भरून आलं. वेचणीचा कापूस अजून शेतात उभा, तूर काढणीला आलेली, त्यामुळे दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, मावठा येतो की काय. मी अंगणात आले आणि सवयीनं आधी वारा कुठून आहे ते पाहिलं. मग ढगांचा खालचा काठ पाहिला. भाचेसून मागून म्हणाली, "आत्याबाई, दोरीवरचे कपडे काढू का?"

"वेळ आहे अजून," मी म्हटलं, "पण काढ."

कपडे घडी घालून झाले तेव्हा पहिले थेंब पडले. ती हसून म्हणाली, "तुमाले कसं समजते हे?" मी घड्या उचलून आत नेल्या. तिला माहीत आहे की तिच्या सासऱ्यांकडे एकेकाळी विमान होतं. घरात एक फोटोही आहे. पण फोटोत सगळं फार सोपं दिसतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. अकोल्यात आमची जिनिंग होती, कापसातली सरकी काढायचा कारखाना. वडील गेल्यावर ती माझा मोठा भाऊ, अण्णा, चालवत असे. नागपूरला विमान शिकायची सोय झाली तेव्हा अण्णा शिकायला गेला. मी तिथेच मावशीकडे राहून कॉलेजात जात होते, तर त्यानं माझंही नाव घातलं. आईला त्यानं फक्त एवढंच सांगितलं, "सुमन माह्यासंग येते." दोघांनाही परवाना मिळाला आणि पुढच्या वर्षी अण्णानं एक वापरलेलं छोटं विमान घेतलं. दोन माणसांचं, वर एक आणि खाली एक अशा दुहेरी पंखांचं, उघड्या बैठकीचं. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर कापड. अकोल्यात लोक त्याला 'देशमुखाचा नाकतोडा' म्हणत.

विमान म्हटलं की लोकांना आभाळ आठवतं. मला चिंध्या आठवतात. तेल पुसायच्या चिंध्या, धूळ झटकायच्या चिंध्या, हाताला गुंडाळायच्या चिंध्या. एक तास उडायचं असेल तर त्याच्या कितीतरी पट वेळ जमिनीवर जातो. तारा ताणून पाहायच्या, खिळ्या तपासायच्या, पंखांच्या कापडावर बोट वाजवून ते ढोलकीसारखं घट्ट आहे का ते ऐकायचं, पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून घ्यायचं. हे सगळं मी आणि गफूरभाई करत असू. गफूरभाई आमच्या जिनिंगचे फिटर. विमान त्यांनी आधी कधी पाहिलेलं नव्हतं, मीही इंजिन कधी उघडलेलं नव्हतं. इंजिनाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी वाचून सांगायची आणि ते हात घालायचे. दोघंही चुकत चुकत शिकलो.

विमान ठेवायला जागा होती ती जिनिंगच्या आवारातली मोठी शेड. हंगाम सुरू झाला की त्या आवारात रुई नुसती हवेत तरंगायची. भुवयांवर बसायची, चहात पडायची, झोपताना कानात सापडायची. ती पेट्रोलच्या टाकीतही जाईल हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या हिवाळ्यात अण्णा आणि मी एलिचपूरला गेलो होतो. परत येताना दर्यापूरच्या जवळ, छोट्या रेल्वेच्या रुळांवरून जात असताना, इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. इंजिन थांबलं म्हणजे सगळं शांत होतं असं नाही. तारांमधून वारा शिट्ट्या घालत राहतो, आणि त्या शिट्ट्यांवरून कळतं की आपण किती वेगानं खाली चाललो आहोत. अण्णानं ज्वारी कापलेलं एक शेत हेरलं. उतरला चांगला. पण शेताच्या कडेला धुरा होता, मातीचा उंच बांध, त्यावर डावा खालचा पंख आपटला. विमान गर्रकन फिरलं, नाकावरचा पंखा मोडला आणि अण्णाच्या पायाखालचा आडवा दांडा असा उलटून बसला की त्याचं नडगीचं हाड मोडलं. माझा ओठ फाटला, एवढंच.

शेजारच्या वाफ्यातून एक बाई खुरपं घेऊन धावत आली. तिनं आधी मला दंडाला धरून उभं केलं. "जिती हायेस ना व? तो कोन, नवरा?"

"भाऊ आहे."

मग तिनं अण्णाकडे पाहिलं, गावाकडे वळून नवऱ्याला हाक मारली, बैलगाडी आणायला सांगितली, पदर फाडून अण्णाच्या पायाला तुरीच्या काड्यांचा आधार बांधला. हे सगळं झाल्यावर म्हणाली, "मानसं पाह्यली. आता मले माह्या शेवंतीकडं पाहू दे." विमानाचा मोडका पंख तिच्या फुलांवर आडवा पडला होता.

तिचं नाव कौसाबाई. माळ्याचं घर. विहीर होती, त्यामुळे त्यांच्याकडे भाजी आणि फुलं बारमाही असत.

अकोल्याला पायाला प्लास्टर घालून अण्णा घरी पडला. पाय बरा होणारा होता. पण त्याच्यात दुसरंच काही मोडलं होतं. रात्री दचकून उठायचा, म्हणून आई त्याच्या खोलीत झोपायला लागली. चौथ्या की पाचव्या दिवशी तो मला म्हणाला, "सुमन, ते इमान तिथंच खोलून टाकू. पंख वेगळे, इंजिन वेगळं. गाडीत घालून आनू आन् जे भेटन ते घेऊन देऊन टाकू."

"तुले विकायचं तं वीक," मी म्हटलं. "पन आधी ते अकोल्याले येईन. उडत येईन. मंग विकशील."

"कोन आनीन?"

"ते पाहू मंग. आधी नीट तं होऊ दे."

मी हे का म्हटलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. हट्ट होता, हे खरं. पण मला असंही वाटत होतं की ते विमान तुकडे होऊन आलं तर अण्णा जन्मभर त्या तुकड्यांकडेच पाहत राहील. आणि माझं स्वतःचंही होतंच. नागपूरला मी एकटीनं मैदानाभोवती पुष्कळ घिरट्या घातल्या होत्या. एका गावाहून दुसऱ्या गावाला मात्र एकटी कधीच गेले नव्हते. दर वेळी पुढच्या जागेत बसून अण्णाला वाट सांगायची. मला परवाना होता, पण वाट माझी नव्हती.

मग मी आणि गफूरभाई अकोला ते मूर्तिजापूर मोठ्या गाडीनं, तिथून छोट्या गाडीनं दर्यापूर, तिथून बैलगाडीनं शेत, असे जाऊ लागलो. पुढे पुढे तर आठवडा आठवडा कौसाबाईच्या ओसरीतच मुक्काम. छोटी गाडी इतकी सावकाश चालायची की माणसं उतरून बोरं तोडून परत चढायची. गफूरभाई माझ्यासमोर अवजारांची पेटी मांडीवर घेऊन बसायचे. बरोबर कोण, कुठं, कशाला, असं डब्यातली माणसं विचारत. गफूरभाई म्हणत, "बिमार को देखने जाते." ते ऐकून मला बरं वाटायचं.

पहिल्याच दिवशी आम्ही पेट्रोलची गाळणी उघडली. आत पांढरा बोळा. बोटानं उलगडला तर रुई. गफूरभाई ती तळहातावर घेऊन बघत राहिले. "बहिनजी, अपनीच रुई," ते म्हणाले. दोष देण्यासारखं कुणी नव्हतं. आम्ही दोघांनी टाकी पाचदा धुतली.

नवा पंखा मुंबईहून रेल्वेनं आला. चाकांचा वाकलेला आस गफूरभाईंनी गावच्या लोहाराच्या भट्टीवर सरळ केला. पंखाच्या आतल्या मोडलेल्या फासळ्या नव्या लाकडाच्या घातल्या. राहिलं ते कापड. ते फासळ्यांवर ताणायचं, मग लांब सुईनं प्रत्येक फासळीला शिवायचं. त्याला दोन माणसं लागतात. पंख उभा धरायचा, एकीनं या बाजूनं सुई आत घालायची, दुसरीनं त्या बाजूनं ओढून परत पाठवायची. मी एका बाजूला बसले. दुसऱ्या बाजूला कौसाबाई.

ते दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. मध्ये पंख, त्यामुळे एकमेकींचं तोंड दिसायचं नाही. फक्त सुई यायची आणि जायची, आणि आवाज यायचा. माणूस समोर दिसत नसला की बोलणं सोपं होतं. कौसाबाईनं मला तिच्या गेलेल्या मुलीचं सांगितलं, सासूचं सांगितलं. मी तिला सांगितलं की माझं लग्न ठरत नाही, कारण मुलाकडच्यांना विमानाचं कळतं.

"मंग नोको सांगू त्याहीले," ती पलीकडून म्हणाली.

"ओठावरचा व्रण दिसतोच की."

"सांग, भाकर भाजताना पडली म्हनून."

दोघी हसलो. सुई तशीच कापडात अडकून राहिली.

एकदा तिनं विचारलं, "हे कापड कापसाचं नोय. चरचरते. कायचं हाय?"

"जवसाच्या झाडाच्या धाग्याचं."

सुई आलीच नाही. थोड्या वेळानं ती उठून पंखाला वळसा घालून माझ्या बाजूला आली. धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचं जवसाचं शेत होतं, निळ्या फुलांनी भरलेलं. ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, "आमी तं तेलच काढतो व त्याचं. चटनी करतो. धागा असते त्याले?" मग कापडाचा एक तुकडा मागून घेतला आणि कमरेला खोचला. तो नवऱ्याला दाखवायचा होता.

शिवण झाल्यावर कापडावर रोगण चढवलं. पिकल्या केळ्यासारखा त्याचा वास यायचा आणि डोक्यात चढायचा. थर वाळला की कापड आखडून ताठ व्हायचं. शेवटचा थर वाळला त्या दुपारी मी पंखावर बोट मारलं. गफूरभाईंनी मारलं. कौसाबाईनंही मारलं, आणि ऐकून मान हलवली.

पण वेळ संपत आला होता. त्या शेतात तिला कांदा लावायचा होता. रोप तयार होतं. शेतात पाणी सोडलं की आमची काळी माती अशी होते की माणसाचा पाय निघत नाही, विमानाची चाकं कुठली फिरणार. कौसाबाई घाई करत नव्हती. फक्त एकदा म्हणाली, "रोप म्हातारं होऊन राह्यलं." नागपूरहून तपासणीस आला, त्यानं दिवसभर प्रत्येक खिळी ओढून पाहिली आणि विमान उडायला योग्य आहे असा शेरा दिला. नागपूरच्या एका वैमानिकाला आम्ही बोलावलं होतं. त्याची तार आली की आणखी दहा-बारा दिवस येता येणार नाही.

मी अकोल्याला आले त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग दिसू लागले. बाजारात कापसाच्या गाड्या झाकायची धावपळ सुरू झाली होती. मावठा आला की शेत चिखल होणार, आणि चिखल वाळेपर्यंत कांद्याचं रोप मरणार, किंवा कांदा लागणार आणि विमान तिथंच उन्हापावसात कुजणार. मी अण्णाच्या खाटेजवळ जाऊन बसले.

"मी उद्या आनते," मी म्हटलं.

त्यानं प्लास्टरवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "नाई."

"मी इचारून नाई राह्यली, अण्णा. सांगून राह्यली."

"शेत आखूड हाय. समोर बाभया हायेत. तू मोठ्या मैदानातून उडालेली पोरगी. पडशील तं आईले मी काय सांगू?"

"तेच इचारासाठी आली. आखूड शेतातून कसं उचलतेत ते सांग. नाई सांगतलं तं बी जाईन. सांगतलं तं नीट जाईन."

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी उठले नाही. आई दारात आली, आमच्याकडे पाहून परत गेली. मग अण्णा भिंतीकडे पाहतच बोलू लागला. पेट्रोल कमी घे. पुढची गादीसुद्धा काढून टाक. शेपटी माणसांना धरायला लाव, इंजिन पुरतं जोरात आलं की हात खाली कर, मग सोडतील. शेपटी लवकर उचल. आणि झाड जवळ आलं म्हणून नाक वर करायला हातातला दांडा ओढू नको. "जीव ओढ म्हनन," तो म्हणाला, "तरी नोको ओढू. वेग येऊ दे." मग वळला आणि मला ते सगळं परत म्हणून दाखवायला सांगितलं. मी म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दर्यापूरला पोचेपर्यंत दुपार झाली. ढग डोक्यावर आले नव्हते, पण सातपुडा दिसेनासा झाला होता. शेतात मी पावलं टाकून पाहिलं. धसकटं आधीच खणून काढली होती, भेगा मातीनं भरल्या होत्या, बैलांनी जड ओंडका फिरवून माती दाबली होती. तरीही शेत आखूडच होतं. कौसाबाई माझ्यामागून चालत होती. "काहून थांबली?" तिनं विचारलं.

"ह्या बाभळी."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सदोबा फारसा बोलणारा माणूस नव्हता. "सावली हाय ते," एवढंच तो म्हणाला.

"बाभूय येते मंग वापस," कौसाबाई म्हणाली. "हे पोट्टी नाई येनार." सदोबानं कुऱ्हाड आणली. मधल्या दोन बाभळी पडल्या आणि धुऱ्यावर एक दार उघडल्यासारखं झालं.

गफूरभाईंनी पंखा फिरवला. इंजिन एका झटक्यात लागलं. गावातल्या चार माणसांनी शेपटी धरली. मी हात खाली केला आणि त्यांनी सोडलं. पहिल्या काही क्षणांत विमान इतकं सावकाश निघालं की मला वाटलं, हे होणार नाही. मग शेपटी उचलली. धुरा वाढत वाढत आला. माझा हात दांडा ओढायला मागत होता. अगदी रडत मागत होता. मी ओढला नाही. चाकं एकदा उसळली, परत टेकली, मग टेकली नाहीत. बाभळींची खोडं चाकांखालून गेली. शेजारचं जवस एकदाच निळं दिसलं.

वर आल्यावर ढग माझ्या अंदाजापेक्षा खाली होते. मी रुळांवरच राहिले. छोटे रूळ मूर्तिजापूरला मोठ्या रुळांना मिळाले, तिथं मी उजवीकडे वळले. खाली रानात बायका घाईघाईनं कापूस वेचत होत्या. एकीनं वर पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. मला ते फार आवडलं. तिचं काम तिच्यापाशी होतं आणि माझं माझ्यापाशी. समोरून पावसाचा एक पडदा अकोल्याकडे सरकत होता. तो आधी पोचणार की मी, हे ठरलेलं नव्हतं. वाऱ्यानं विमान डावीकडे ढकललं जात होतं. मी त्याला सारखं रुळांवर आणत होते. मला भीती वाटत होती का, असं मला पुढे लोकांनी विचारलं. वाटत होती. पण ती भीती रिकामी बसलेली नव्हती, तिला काम होतं.

अकोल्याबाहेरच्या आमच्या नेहमीच्या पडीक रानात मी उतरले तेव्हा एक दमणी, बैलांची हलकी गाडी, उभी होती. तिच्यात अण्णा प्लास्टरचा पाय लांब करून बसला होता आणि आई त्याच्या डोक्यावर छत्री धरून होती. मी जवळ गेले. अण्णा विमानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "डावा पंख छान झाला." त्यानंतर पाऊस आला.

मावठ्यानं त्या वर्षी पुष्कळांचा कापूस भिजवला, आमचाही. कौसाबाईचा कांदा मात्र वाफसा आल्यावर लागला आणि जगला. अण्णानं विमान विकलं नाही. त्यासाठी जिनिंगपासून लांब, रानातच टिनाची शेड बांधली. पण तो स्वतः विमानाजवळ येत नसे. पाय बरा झाला, चालू लागला, तरी शेडच्या दाराशी उभा राहून परत जायचा. मी त्याला कधी म्हटलं नाही की चल. मी आणि गफूरभाई हवेत जाऊन येत असू, कधी अकोटवरून, कधी नागपूरपर्यंत. एकदा धारणीच्या डोंगरांवरूनही.

पुढच्या हिवाळ्यात मला अमरावतीला जायचं होतं. सकाळी मी पेट्रोल गाळत होते तेव्हा अण्णा आला. अंगात जुना लोकरी कोट, गळ्यात मफलर. तो पंखावर चढला आणि पुढच्या जागेत बसला. गफूरभाई माझ्याकडे पाहू लागले. मी मागच्या जागेत बसले.

आमच्या विमानात दोन्ही जागांपुढे एकेक दांडा असे, एकमेकांना जोडलेला. पुढच्या माणसानं भीतीनं पकडला तर मागच्याला विमान सांभाळता येत नाही. अण्णाला हे माझ्याहून चांगलं माहीत होतं. इंजिन लागलं तेव्हा त्यानं दोन्ही हात वर काढले आणि बैठकीच्या काठावर, बाहेरच्या बाजूनं, मला दिसतील असे ठेवले. अमरावतीपर्यंत ते तसेच होते. पौषाचं वारं, बोटं आधी लाल झाली, मग पांढरी पडली. बडनेऱ्यावर विमान हवेतल्या खड्ड्यात जोरात आपटलं तेव्हा ती काठावर घट्ट आवळली गेली, पण आत गेली नाहीत.